जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण मराठी माणसांनी देवळांसाठी राखून ठेवला आहे. अहिल्याबाई होळकरांच्या कार्यामुळे त्याला एक पावित्र्यही लाभले आहे. परंतु बंगळूरच्या मुक्कामात एका स्नेह्याच्या मोटारीने या शब्दाचा विचार आम्हांस नव्याने करावयास लावला.

मोटार एम्. जी. कंपनीची ‘टीसी’, दोन आसनांची, उघड्या टपाची. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. स्नेह्याच्या वडिलांनी ही जुनी म्हणूनच विकत घेतली होती. त्यांच्यामागे ती कित्येक वर्षे गोठ्यासारख्या पडवीत उभी होती. आता ती जाणत्या कारागिरांकडे सोपविण्यात आली. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा तिचा एकेक अवयव सुटा करून, चिठ्ठी लावून फळीवर मांडला होता. पत्र्याच्या आत अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची चौकट असते, हे आम्हांस प्रथमच कळले. तिला वाळवी लागली होती. म्हणजे लोहाराच्या जोडीला सुतारही हवा.

कारागिराने एक बोल्ट हातात दिला. त्याचे डोके इंग्रजी मापाचे आणि आटे मात्र मेट्रिक! कारण जुने आहे. मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेंट्रीतील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडीत, आणि इंग्रज कारागिरांचे पाने इंग्रजी मापाचे होते. दोहोंची सोय म्हणून असा संकरित बोल्ट जन्मास आला. जयचामराजेंद्र मार्गावरील बाजारातून जवळच्या मापाचा बोल्ट आणून जोराने पिळला, तर इंजिनाचे आटे कायमचे जातात. एका बोल्टात दोन देशांचा इतिहास असतो तो असा.

खरी अडचण पुढेच होती. डाव्या बाजूचे मडगार्ड मूळचे नव्हते. एका अपघातानंतर ते इथल्याच पत्रेवाल्याने ठोकून दिलेले होते. दोनांपैकी एक कार्ब्युरेटर वडिलांनी काढून टाकला होता. रंगही त्यांच्या आवडीचा, कारखान्याचा नव्हे. कारागिराने विचारले, “साहेब, मूळ रूप म्हणजे कोणते? अ‍ॅबिंग्डनचे की तुमच्या वडिलांचे?” स्नेही निरुत्तर झाले.

या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण याच शहरात घडलेले आहे. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा म्हणून सर विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा दौरा करून योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्यासाठी झटत होते. सरकारने दाद दिली नाही. अखेर म्हैसूर संस्थानाच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात जो कारखाना निघाला तो विमानांचा, हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा होय. वालचंदांची मोटार कंपनी, प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, १९४४ साली मुंबईत निघाली.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीची लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने कानपूरला टाकून देण्यात आली होती. ती पुन्हा उडू नयेत अशी मोडतोडही करून ठेवलेली होती. स्वतंत्र भारताच्या हवाई दलास जड बाँबफेकी विमाने हवी होती. तेव्हा ही भंगारातली विमाने कामचलाऊ दुरुस्ती करून बंगळुरास उडवीत आणली आणि इथल्या कामगारांनी सुमारे चाळीस विमाने पुन्हा उभी केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांचे पहिले पथक उभे राहिले. ती १९६८ पर्यंत सेवेत होती. त्यानंतर काही परदेशी संग्रहालयांत गेली. त्यांतले एक अमेरिकेत नेऊन १९८९ मध्ये पुन्हा उडते करण्यात आले, पण अमेरिकन हवाई दलाच्या रंगात. काम उत्तम झाले. तथापि त्याच्या आयुष्यातली भारतीय हवाई दलाची वीस वर्षे पाहणाऱ्याच्या नजरेआड झाली. ती वर्षे खोटी होती काय?

सरकारी नियमांनीही मूळ रूपाचा आग्रह धरला आहे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर गेलेली, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस शुल्क वीस हजार रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, शर्यतीसारखे मेळावे, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. नियम योग्यच आहे. परंतु मधल्या मालकाच्या आयुष्याला नियमात रकाना नसतो.

दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस एवढेच सुचले की, फाइलीतला जुना शेरा खोडून टाकीत नाहीत. त्याखाली नवा लिहितात. स्नेह्यांनी तसेच केले. लाकूड नवे बसविले, दुसरा कार्ब्युरेटर मिळविला, गाडीस कारखान्याचा रंग दिला. काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र व टिपण मात्र एका वहीत ठेवले. पत्रेवाल्याचे मडगार्ड त्यांनी बदलले नाही. आसनामागच्या फळीवर, जेथे सहसा कोणाची नजर जात नाही, तेथे वडिलांच्या रंगाचा वीतभर तुकडा तसाच राहू दिला.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा स्नेह्यांच्या आईंना बोलाविले होते. त्या नव्या रंगाकडे काही वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान झाली. पण ह्यांची कुठे आहे?” तेव्हा त्यांना आसन पुढे ओढून तो तुकडा दाखविण्यात आला. त्यावर त्यांनी हात ठेवला आणि मगच त्या गाडीत बसल्या.