नापास होणाऱ्यांचं काय? यूपीएससी मेन्सचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास

तुमच्यापैकी बरेच जण हे एपिसोड अभ्यासिकेतून मेसला जाता-येता ऐकता, हे मला मेसेजमधून कळतं. म्हणून आजचा विषय तुमच्याच टेबलावरचा. यूपीएससीची मेन्स, म्हणजे लेखी मुख्य परीक्षा. पण आज आन्सर रायटिंगच्या टिप्स नाहीत. त्या द्यायला यूट्यूब भरलेलं आहे. आज आपण बघणार आहोत की हा पेपर आला कुठून, तो कोणासाठी बनला होता, आणि आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यासाठी कोण कोण भांडलं.

सुरुवात १८५३ पासून. तोपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीत मोठी नोकरी मिळवायची तर कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरशी ओळख लागायची. वशिला हीच पात्रता. निवडलेली मुलं इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात शिकायची आणि मग बोटीत बसायची. १८५३ च्या सनद कायद्याने हा वशिला बंद केला. मग नवी परीक्षा कशी असावी हे ठरवायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? आपल्या शाळेच्या पुस्तकातले मेकॉलेसाहेब. १८५४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली.

त्या अहवालातली मार्कांची यादी बघण्यासारखी आहे. एकूण ६,८७५ मार्क. इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १,५००. गणित १,०००. ग्रीक ७५०, लॅटिन ७५०. आणि संस्कृत? ३७५. अरबी? तेही ३७५. आता विचार करा, ही परीक्षा हिंदुस्थानात राज्य करणाऱ्या माणसांची. पण ग्रीकचं वजन संस्कृतच्या दुप्पट! मराठी, बंगाली, तमिळ तर यादीतच नाहीत. मी कोड लिहून पोट भरतो, तर मला हे असं दिसतं: दाराला कुलूप कुठेच नव्हतं, भारतीयांनी बसू नये असा नियमही नव्हता. काम मार्कांच्या कोष्टकानेच होत होतं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाला जे आधीच येत होतं, त्यालाच सगळ्यात जास्त मार्क.

पण त्याच अहवालात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी थांबलो. समिती म्हणते, या परीक्षेला बसणारे बहुतेक जण नापासच होणार. म्हणून विषय असे ठेवा की नापास झालेला मुलगा पुढे कुठल्याही धंद्यात गेला, तरी तयारीत घालवलेल्या वेळेचा आणि कष्टाचा त्याला पश्चात्ताप होऊ नये. भारतातले कायदे आणि भाषा प्रवेश परीक्षेत नकोत, निवड झाल्यावर शिकवा, असं त्यांनी सांगितलं त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे परीक्षा जन्माला येत असतानाच कोणीतरी नापास होणाऱ्यांचा विचार केला होता. अर्थात, तो विचार इंग्लंडमधल्या मुलांपुरता होता. आपल्याकडच्या मुलांचं काय झालं, ते आता बघू.

१८६२ मध्ये कलकत्त्याहून दोन मित्र बरोबरच इंग्लंडला निघाले. सत्येंद्रनाथ टागोर आणि मनमोहन घोष. सत्येंद्रनाथ १८६३ मध्ये पास झाले, पहिले भारतीय आयसीएस. रवींद्रनाथांचे हे थोरले भाऊ. त्यांना मुंबई इलाखा मिळाला, नोकरीत ते साताऱ्याला न्यायाधीशही होते. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. मनमोहन घोष मात्र १८६४ आणि १८६५, दोन्ही वर्षी नापास झाले. घरदार सोडून, समुद्र ओलांडून, परक्या भाषेत पेपर लिहून नापास. पुढे ते बॅरिस्टर झाले आणि कलकत्ता हायकोर्टात त्यांनी मोठं नाव कमावलं. पण हे जमलं कारण घरची ऐपत होती. ज्याची ऐपत नाही, तो बोटीत चढतच नव्हता.

मग येतं १८६९. एका वर्षात चार भारतीय पास. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यातल्या सुरेंद्रनाथ आणि श्रीपादराव दोघांची नावं निकालानंतर यादीतून काढून टाकली! कारण काय, तर वय. मर्यादा होती २१ वर्षांची. आणि या दोघांच्या जुन्या कागदांवरून त्यांचं वय जास्त भरत होतं.

गंमत बघा, यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. आपल्याकडे आजीला वय विचारलं की ती अजूनही 'सोळावं चालू आहे' म्हणते ना? सुरेंद्रनाथांनी मॅट्रिकच्या वेळी वय १६ सांगितलं होतं, ते असंच चालू वर्ष धरून. इंग्लंडमध्ये मोजतात पूर्ण झालेली वर्षं. दोन मोजपट्ट्या, आणि मधल्या मध्ये दोन मुलांची नोकरी गेली. सुरेंद्रनाथ लंडनच्या क्वीन्स बेंच कोर्टात गेले. शेवटी दोघांनाही परत घेतलं.

सुरेंद्रनाथांना १८७४ मध्ये नोकरीतून काढलं गेलं, ती वेगळी गोष्ट. पण वयाच्या मर्यादेने त्यांची पाठ सोडली नाही. ती आधी २३ होती, मग २२, मग २१. १८७८ पासून सरकारने ती १९ वर आणली. १९ वर्षांच्या मुलाने मुंबई-कलकत्त्यात शिकून, लंडनला जाऊन, ग्रीक-लॅटिनमध्ये इंग्रज मुलांना हरवायचं! या निर्णयाविरुद्ध सुरेंद्रनाथ देशभर फिरले, गावोगाव सभा घेतल्या. एका परीक्षेच्या वयोमर्यादेवरून देशभर उभं राहिलेलं हे सुरुवातीचं आंदोलन. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, तिथेही एक मागणी हीच होती: परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्या. दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा अध्यक्ष होते हेच सुरेंद्रनाथ बॅनर्जी.

मागणी मान्य व्हायला किती वेळ लागला? १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने दोन्हीकडे एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव मंजूर केला. तेव्हा दादाभाई नौरोजी तिथे खासदार होते. सरकारने ठराव बाजूला ठेवला. मधल्या काळात आपली मुलं लंडनला जातच राहिली. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये तिथेच पहिले आले. अखेर फेब्रुवारी १९२२ मध्ये अलाहाबादला पेपर झाला. काँग्रेसच्या पहिल्या ठरावानंतर ३७ वर्षांनी!

आणि हो, कोचिंग क्लास हा आपला शोध आहे असं वाटत असेल तर थांबा. एकोणिसाव्या शतकातच लंडनमध्ये वॉल्टर रेन नावाच्या गृहस्थांचा आयसीएसच्या तयारीचा क्लास जोरात चालायचा. अशा मास्तरांना तिथे 'क्रॅमर' म्हणत. म्हणजे घोकून घेणारे. सदाशिव पेठेचे पूर्वज लंडनमध्ये होते म्हणायचे.

आता स्वातंत्र्यानंतर. १९२६ मध्ये सुरू झालेल्या आयोगाचा २६ जानेवारी १९५० ला संघ लोकसेवा आयोग झाला. पेपरचं ठिकाण सुटलं होतं, वयाचं सुटलं होतं. भाषेचं बाकी होतं. शास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ पासून परीक्षेला आजचं रूप आलं: आधी प्रिलिम्स, मग मेन्स, मग मुलाखत. आणि मेन्सची उत्तरं घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत लिहायची मुभा. म्हणजे मराठीतून लिहा आणि कलेक्टर व्हा. १८५४ च्या यादीत जिला एक मार्कही नव्हता, त्या भाषेत अख्खा पेपर! मराठी माध्यमातून शिकलेल्या तालुक्याच्या मुलासाठी हा बदल किती मोठा होता, ते वेगळं सांगायला नको.

पण मिळालेलं टिकतंच असं नाही. मार्च २०१३ मध्ये मेन्सचा नवा पॅटर्न जाहीर झाला. सामान्य अध्ययनाचे चार पेपर, त्यात नीतिशास्त्राचा नवा पेपर, हे सगळं आज तुम्ही देता तेच. पण त्या अधिसूचनेत आणखी काही होतं. प्रादेशिक भाषेत उत्तरं लिहायची तर पदवी त्याच माध्यमातून हवी. त्या भाषेत लिहिणारे किमान २५ उमेदवार हवेत. आणि इंग्रजीच्या १०० मार्कांची गणना थेट मेरिटमध्ये.

हे माझ्यासारख्याला लावून बघा. महाराष्ट्रातला इंजिनीअर. दहावीपर्यंत मराठी शाळा, घरी मराठी, विचार मराठीत. पण बीटेक मराठीतून होत होतं का तेव्हा? नाही. म्हणजे त्या एका ओळीने सगळे इंजिनीअर आणि डॉक्टर मराठी पेपरमधून बाहेर! महाराष्ट्रातून जोरदार विरोध झाला, संसदेत सगळ्याच पक्षांनी गदारोळ केला, आणि महिना संपायच्या आत या अटी मागे घेतल्या गेल्या. तुम्ही आज मराठीतून मेन्स लिहीत असाल, तर ते १९७९ मुळे आणि मार्च २०१३ मधल्या त्या तीन आठवड्यांमुळे.

म्हणजे पेपर कुठे लिहायचा, कितव्या वर्षी लिहायचा, कुठल्या भाषेत लिहायचा, हे तिन्ही प्रश्न लोकांनी भांडून सोडवले. दार बऱ्यापैकी रुंद झालं. पण १८५४ चा तो दुसरा प्रश्न? नापास होणाऱ्याचं काय?

२०२४ च्या परीक्षेचे आकडे घ्या. मेन्ससाठी पात्र ठरले १४,६२७. मुलाखतीला गेले २,८४५. निवडले गेले १,००९. म्हणजे ११,७८२ जण मेन्सच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. ही सामान्य मुलं नाहीत. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत २० प्रश्न, जवळपास ४,००० शब्द, एका उत्तराला सरासरी ९ मिनिटं. असे दिवसाला दोन पेपर. ज्याला शेतीच्या बाजारभावापासून सायबर सुरक्षेपर्यंत कशावरही ९ मिनिटांत मुद्देसूद लिहिता येतं, त्याला बाहेरच्या जगात 'गॅप का आहे?' एवढाच प्रश्न विचारला जातो. आमच्या क्षेत्रातल्या इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न विचारला जाताना मी ऐकलाय. उमेदवाराचा चेहरा पडतो. खरं तर समोरच्याने विचारायला हवं, 'या चार वर्षांत काय काय शिकलास?'

आयोगाने एक पाऊल टाकलंय. मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्यांची माहिती, त्यांच्या संमतीने, नोकरी देणाऱ्यांना मिळावी अशी योजना आधीपासून होती. २०२५ मध्ये तिला 'प्रतिभा सेतू' हे नाव मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण तो सेतू मुलाखतीच्या काठावरून सुरू होतो. मेन्सला थांबलेले ११,७८२ त्यावर नाहीत.

आपल्या एमपीएससीचंही बघा. २०१२ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा पर्यायी उत्तरांची होती. ती पुन्हा लेखी करायचा निर्णय झाला, तेव्हा तयारीला वेळ द्या म्हणून २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि आयोगाने नवा पॅटर्न २०२५ वर ढकलला. त्या मुलांना आळशी म्हणणारे खूप होते. पण चार वर्षं गोल काळे करायचा सराव केलेल्याला एकदम निबंध लिहायला सांगितलं, तर त्याची चार वर्षं वाया जातात, हे त्यांचं म्हणणं साधं होतं. सुरेंद्रनाथांच्या काळातलं भांडणही याच जातीचं होतं. नियम बदला, पण ज्यांनी आयुष्य पणाला लावलंय त्यांना धरून बदला.

त्यात एक बरी गोष्ट आहे. दोन्ही परीक्षा आता लेखी आहेत, आणि लिहिण्याचा सराव निकालाबरोबर संपत नाही. रिपोर्ट, बातमी, प्रोजेक्टचा प्रस्ताव, कोर्टाचा मसुदा, सगळीकडे तो चालतो. म्हणून पुढच्या अटेम्प्टचा फॉर्म भरण्याआधी मेकॉलेच्या समितीची ती कसोटी स्वतःच्या टाइमटेबलला लावून बघा. नाही झालं, तरी या वर्षातलं काय माझ्याकडे राहील? उत्तर सापडलं तर निवांत अभ्यासाला बसा. नाही सापडलं तर टाइमटेबल बदला, आणि घरच्यांशी एकदा मोकळं बोला.

हा एपिसोड अभ्यासिकेतल्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला पाठवा. ज्याची मेन्स या वर्षी राहिली, त्याला आधी पाठवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत, लिहीत राहा!