श्वानांचे दमसास प्रशिक्षण

श्वानांचे दमसास प्रशिक्षण म्हणजे कुत्र्याला दीर्घकाळ एकसारख्या गतीने चालता-धावता यावे म्हणून टप्प्याटप्प्याने दिला जाणारा व्यायाम होय. राखणीच्या, मेंढपाळांच्या तसेच लष्करी व पोलीस सेवेतील कुत्र्यांना दमसासाची विशेष गरज असते. हे प्रशिक्षण केव्हा सुरू करावे, हे पिल्लाच्या उत्साहावरून नव्हे, तर त्याच्या हाडांच्या वाढीवरून ठरते.

हाडांची वाढ

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाडाची लांबी या पट्ट्यांतून वाढते आणि वाढ पूर्ण झाल्यावर त्यांचे हाडात रूपांतर होते. लहान व मध्यम जातींत हे साधारणपणे वर्षाच्या आसपास, तर मोठ्या जातींत १४ ते १८ महिन्यांपर्यंत पूर्ण होते. अतिविशाल जातींना याहून अधिक काळ लागतो. लहान वयात नसबंदी केल्यास हा काळ लांबतो.

तोपर्यंत या पट्ट्या आजूबाजूच्या हाडापेक्षा दुबळ्या असतात. पुढच्या पायात मनगटाच्या वर दोन समांतर हाडे असतात. इजेमुळे त्यांतील एकाची पट्टी अकाली बंद झाली, तर दुसरे हाड वाढत राहते व पाय वाकडा होतो. हाडांची वाढ पूर्ण झाली आहे का, हे पशुवैद्यक क्ष-किरण चित्रावरून सांगू शकतात.

व्यायाम पूर्णपणे बंद ठेवणेही हितावह नसते. नॉर्वेमध्ये मोठ्या जातींच्या चार प्रकारच्या कुत्र्यांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका अधिक आढळला. याउलट, मऊ व किंचित उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्या पिल्लांत तो कमी होता.

वयानुसार टप्पे

* ४ महिन्यांपर्यंत : मातीवर व गवतावर मोकळा खेळ आणि भरपूर झोप. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांचा संपर्क टाळतात.
* ४ ते १२ महिने : पट्ट्याने छोटे फेरफटके. पिल्लाला वाटेल तेव्हा थांबू देतात. उंच उड्या, सायकलीमागे धावणे व डांबरी रस्त्यावरील सलग धाव वर्ज्य असते. वयाच्या दर महिन्यामागे ५ मिनिटे चाल हा ठोकताळा प्रचलित आहे. मात्र त्याला ठोस प्रायोगिक आधार नाही.
* वाढ पूर्ण झाल्यावर : प्रथम काही आठवडे जलद चाल, त्यानंतर चालीच्या मध्ये थोडा वेळ दुडकी आणि शेवटी सलग दुडकी. अंतर, वेग व चढ यांपैकी एका वेळी एकच घटक वाढवतात. आठवड्यातून किमान एक-दोन दिवस विश्रांती देतात.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या दमसास चाचणीत कुत्र्याला सायकलीसोबत ताशी १२ ते १५ किमी वेगाने २० किमी दुडक्या चालीने जावे लागते. तिच्यासाठी किमान वय १६ महिने आहे.

महाराष्ट्रातील जाती

महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कारवान (मुधोळ हाउंड) ही सडपातळ, लांब पायांची व खोल छातीची जात धावण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिची कीर्ती मुख्यतः वेगाची असली, तरी दमसासासाठी वेगळी व हळूहळू तयारी करावी लागते. पूर्वी तिचा वापर सशांच्या शिकारीसाठी होत असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अशी शिकार आता गुन्हा आहे.

कसारा परिसरातील परिस्थिती

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत या प्रशिक्षणास हिवाळा सर्वांत अनुकूल असतो. भातकापणीनंतर मोकळी झालेली खाचरे मऊ पृष्ठभाग पुरवतात. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा थळ घाट तीव्र उताराचा आहे. उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर येत असल्याने वाढत्या पिल्लांना अशा वाटा टाळतात. मुंबई–आग्रा महामार्गालगत वाहनांचाही धोका असतो.

उन्हाळ्यात गारव्यासाठी पहाटे किंवा संध्याकाळी व्यायाम देणे इष्ट ठरते. परंतु याच वेळी बिबटे सक्रिय असतात व कुत्री हे त्यांचे भक्ष्य आहे. त्यामुळे जंगलालगत उजाडल्यानंतर, पट्टा लावूनच कुत्र्याला नेणे सुरक्षित असते. पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारा ताप रक्तक्षय घडवतो. दम अचानक कमी झाल्यास रक्ततपासणी आवश्यक असते.

धोक्याची लक्षणे

लंगडणे, उठताना पाय आखडणे, चालण्यास नकार देणे किंवा सांध्याजवळ सूज दिसल्यास व्यायाम थांबवतात. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापेने थंड होते. त्यामुळे दमट हवेत उष्माघाताचा धोका वाढतो. अतिजलद धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या व अडखळती चाल ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत आणून अंगावर गार पाणी ओततात, वारा घालतात व विनाविलंब पशुवैद्यकाकडे नेतात.