लग्नगडी: वारल्यांचं लग्न, सावकाराची वही आणि जमिनीवरचं दुसरं नाव

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आज एका शब्दापासून सुरुवात करू. लग्नगडी. गडी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मग लग्नगडी? तर लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून राबणारा. सालगड्याचं साल संपतं तरी. लग्नगड्याचं काही संपत नव्हतं.

हा शब्द डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातला, आणि १९४५ पर्यंत अगदी रोजच्या वापरातला. तेव्हा हा सगळा भाग मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्यात होता. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं, तलासरी इकडे राहिली. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४ चा. त्यामुळे जुन्या पुस्तकांत ‘ठाण्याचे वारली’ असं वाचलंत तर ते हेच लोक, हीच गावं.

आता ही भानगड कशी चालायची ते बघा. वारली मुलाला लग्न करायचं तर मुलीच्या बापाला देज द्यायचं, पाड्याला जेवण घालायचं, ताडी पाजायची. रोख पैसा कुणाकडेच नाही. जमीन एके काळी यांचीच, पण ती कधीच सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर गेलेली, आणि हे लोक त्याच जमिनीवर कूळ. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी काढायची आणि पीक आलं की वाढीव फेडायची. अशा घरातल्या मुलाला लग्नासाठी सावकार पन्नास, शंभर, फार तर दोनशे रुपये द्यायचा. बदल्यात मुलगा त्याच्या वाडीवर राबायला जायचा. मजुरी नाही, पोटाला काय मिळेल ते. कर्ज फिटलं असं त्याला कुणी सांगायचं नाही, कारण वही सावकाराची आणि ती वाचता येणाराही सावकारच.

आणि कर्ज घेतलेलं असायचं नवऱ्याने, पण राबायला जायचं जोडपं.

मी दिवसभर ऑफिसात डेटाबेसचे रकाने बघत बसते, त्यामुळे असेल, पण माझं लक्ष इथेच अडकलं. वहीत नाव एक आणि कामाला माणसं दोन. त्या बाईने कर्ज मागितलं नव्हतं, अंगठा दिला नव्हता. तिच्या बोलण्याला किंमत नव्हती, पण तिचे हात मात्र हिशोबात आपोआप धरलेले. आणि फक्त हातच धरलेले होते असंही नाही. डी. सिमिंग्टन नावाचा एक आयसीएस अधिकारी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातल्या आदिवासी भागांची पाहणी करत होता. वेठ, मारहाण आणि कुळांच्या बायकांचा जमीनदार कसा उपभोग घेतात, हे त्याने सरकारी अहवालात लिहून ठेवलंय. म्हणजे सरकारला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. फाइल होती.

इथे थोडं थांबून वारल्यांच्या लग्नाबद्दल सांगायला हवं, नाहीतर ‘बिचारे अडाणी लोक’ असं चित्र उभं राहतं. वारल्यांचं लग्न लावते धवलेरी. ही बाई असते. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. भिंतीवर चौक लिहितात तोही सवाशिणी, आणि चौकात बसलेली देवी पालघट. आपण कुर्त्यांवर आणि उशांच्या खोळींवर जी वारली चित्रं मिरवतो, ती मुळात या लग्नाची, बायकांच्या हातची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे १९७० च्या दशकात ती कागदावर, जगापुढे घेऊन गेले, ही पुढची गोष्ट. शिवाय खर्च जमेपर्यंत जोडप्याने एकत्र राहायचं आणि पोरं झाल्यावर सवडीने लग्न करायचं, यातही इथे कुणाला लाज वाटत नसे. विधवेने पुन्हा घर मांडणं तर साधी गोष्ट. पुण्यात त्यासाठी केवढे वाद झाले होते, आठवा.

तर जिथे लग्न बाई लावते, तिथे लग्न झाल्या दिवसापासून नवरी परक्याच्या कर्जात. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं अधिवेशन झालं. उंबरगाव भागातले काही वारली तिथे गेले होते. झरी गावचे माह्या धांगडा त्यांच्यातले. किसान सभेच्या कामात तेव्हा शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले, जन्म १९०७ चा, वडील नामांकित वकील. स्वतः कायद्याची पदवी घेतलेली, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेली, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य. म्हणजे त्या काळात घरातून बाहेर पडायला जे जे दार होतं ते त्यांनी उघडून पाहिलेलं. अशी बाई पायी पाडे हिंडायला लागली, वारल्यांच्या झोपडीत राहायला लागली.

२३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. हजारो वारली आले. ठरलं काय? आज वाचताना अगदी साधं वाटतं. दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करायचं नाही. वेठ करायची नाही. मारलं तर सगळ्यांनी मिळून प्रतिकार करायचा. एकजूट ठेवायची. बस. यात स्वातंत्र्य नाही, समाजवाद नाही, स्त्रीमुक्तीचा तर शब्दही नाही. पण सभेहून लोक घरी गेले आणि पुढच्या काही आठवड्यांत लाल झेंडे घेऊन वाडी-वाडीवर जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणलं. ‘तू आता मोकळा’ एवढंच सांगायचं होतं. कोर्ट नाही, दावा नाही. वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा आला १९७६ मध्ये. झरीनंतर तब्बल एकतीस वर्षांनी.

आणि नवरा मोकळा झाला की बायको आपोआप मोकळी झाली, जशी ती आपोआप अडकली होती.

त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. मुंबईच्या तबेल्यांना इथलं गवत जायचं, त्यामुळे कापणी थांबली की व्यापाऱ्यांना लगेच झळ बसायची. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला माणसं जमली ती एका अफवेवर: गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. दुसरीकडे पोलिसांना सांगितलं गेलं की वारली हल्ला करायला जमलेत. गोळीबार झाला, पाच माणसं मेली. पहिला जेठ्या गांगड. आजही या भागात १० ऑक्टोबर हा हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्यानंतर पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरांचा संप झाला, दिवसाला सव्वा रुपया मिळवला. तो इतिहास मोठा आहे, इथे पुरणार नाही.

गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. १९७० चं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. वाचलं नसेल तर वाचाच. मराठीत ‘माणूस’ पुल्लिंगी, म्हणून तो जागा होतो. व्याकरणाचा दोष बाईंचा नाही, पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या लढ्याच्या इतिहासात गर्दीत बायका दिसतात आणि यादीत पुरुषांची नावं. नाव असलेली एकच बाई, आणि ती पुण्याची.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. सावकार गेला म्हणून बाई सुटली असं झालं नाही. पाड्यात कुणी आजारी पडलं, गुरं मेली की एखाद्या बाईला भुताळी ठरवायचं, मारायचं, गावाबाहेर काढायचं, हे वारली समाजात स्वातंत्र्यानंतरही चालत राहिलं. तिथे जमीनदार नव्हता. आपलेच लोक होते. आदिवासी संस्कृतीचं कौतुक करताना धवलेरी सांगायची आणि भुताळी गाळायची, हे मला पटत नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मुलींचे हक्क, पुढे २००५ ची दुरुस्ती, हे आपण शाळेत शिकलो. पण या कायद्याच्या कलम २(२) मध्येच लिहिलंय की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे पुण्यातल्या मुलीला जो वाटा कायद्याने मिळतो, तो तलासरीतल्या वारली मुलीला त्या कायद्याने मिळत नाही. तिच्यासाठी रूढी. १७ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की बाईला वारसा नाकारणारी रूढी आहे असं सिद्ध झालं नाही, तर तिला वगळता येणार नाही. फक्त बाई म्हणून वगळणं समानतेच्या विरुद्ध आहे. निकाल चांगला आहे. पण त्यासाठी आजोबांच्या जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

याच्या तुलनेत वनहक्क कायदा बघा. २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जंगलजमीन आदिवासीच्या नावावर करायची, जास्तीत जास्त चार हेक्टर. डहाणू-तलासरीत पिढ्यान् पिढ्या जंगलात दळी कसणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी हा मोठा कायदा. आणि त्यात कलम ४(४) आहे: दावेदार विवाहित असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. ‘नोंदवता येईल’ असं नाही, नोंदवायचाच. घर एकट्या व्यक्तीचं असेल तर त्या व्यक्तीच्या नावे. विधवाही त्यात आली. दाव्याचा नमुना ‘अ’ उघडून बघा: पहिल्या रकान्यात दावेदाराचं नाव, दुसऱ्यात जोडीदाराचं.

ज्या मुलखात वहीत नाव एक आणि राबायला दोघं होते, तिथे हा दुसरा रकाना आलाय. मला वाटतं, या पट्ट्यात बाईच्या हक्काची आजवरची सगळ्यात मोठी कागदी गोष्ट हीच आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नियमांत अजून आहे: वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका हव्यात, ग्रामसभेला हजर असलेल्यांतही एक तृतीयांश बायका हव्यात, नाहीतर कोरम होत नाही.

कागद हातात पडणं ही वेगळी लढाई. मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई किसान मोर्चा आठवतोय ना? दहावीची परीक्षा होती म्हणून मुलांना त्रास नको, असं ठरवून रात्रीच चालत मुंबईत शिरलेला. एका बाईच्या सोललेल्या तळव्यांचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. त्या मोर्च्यात ठाणे-पालघरचे आदिवासीही होते आणि वनहक्काचे रखडलेले दावे ही मुख्य मागणी होती. फोटोवर आपण हळहळलो. ती बाई कशासाठी चालत होती हे मात्र कमी जणांनी वाचलं.

राजकारणात काय? किसान सभेला पहिली स्त्री अध्यक्ष १९८६ मध्ये मिळाली, त्या गोदावरीबाईच. तलासरीच्या कॉलेजला त्यांचं आणि शामरावांचं नाव आहे. पण पालघर लोकसभा मतदारसंघ झाल्यापासून, २००९ ते २०२४, पोटनिवडणूक धरूनही, एकही बाई निवडून आलेली नाही. डहाणू विधानसभेलाही २००९ पासून सगळे पुरुष. कम्युनिस्ट असोत नाहीतर भाजपचे, यात फरक नाही. ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणून तिथे सरपंचबाई दिसतात, कधी सरपंचपतीही. लोकसभा-विधानसभेचं तृतीयांश आरक्षण २०२३ मध्ये घटनेत आलं ते जनगणना आणि फेररचनेच्या अटीसकट.

आणि २०२४ पासून लाडकी बहीण. महिना दीड हजार, थेट बाईच्या खात्यात. याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे ही लहान गोष्ट नाही. फक्त नात्याचा शब्द बघा. भाऊ ओवाळणी देतो, ती किती आणि कधी हे भाऊ ठरवतो. झरीत बारा आणे मागणारे कुणाचे लाडके नव्हते.

हाच रकान्याचा प्रश्न आता किनाऱ्यावर आलाय. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, खर्च ७६,२२० कोटी, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. मासेमारी थांबली तर भरपाई कुणाला? बोट ज्याच्या नावावर, त्याचा हिशोब सोपा आहे. मासळी निवडणारी, सुकवणारी, टोपली घेऊन बाजारात बसणारी बाई कोणत्या रकान्यात बसते, हे भरपाईचे अर्ज छापायच्या आधी विचारायला हवं. वाढवणवर पुढचा अख्खा भाग करतेय. मच्छीमार, डायमेकर, १९९१ ची डहाणूची पर्यावरण अधिसूचना, सगळं त्यात घेऊ.