वक्तृत्वाची डॉक्टरकी

बोलण्यांत पंडित होण्यासाठीं कोणी विद्यापीठांत जावें, ही कल्पना आपल्याकडे अनेकांस चमत्कारिक वाटते. परंतु अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठांत वक्तृत्वशास्त्र व संज्ञापन या विषयांत पीएच्. डी. मिळते व तिच्यासाठीं विद्यार्थी आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें खर्ची घालतात. या पदवीच्या जन्मकथेंत एक विद्वत्तेचा कलह दडलेला आहे, तो आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ग्रीकांचें 'रेटोरिक' म्हणजे आपलें अलंकारशास्त्र नव्हे. आपल्या आलंकारिकांनीं मुख्यतः काव्य डोळ्यांपुढें ठेविलें. ग्रीकांनीं न्यायसभा व लोकसभा. या शास्त्रास युरोपांत शतकानुशतकें मान होता. हार्वर्ड येथें १८०६ सालीं त्याच्या बॉयल्स्टन अध्यापकपदावर जे पहिले गृहस्थ बसले, ते जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले! परंतु १८५१ सालीं तें पद फ्रान्सिस चाइल्ड यांजकडे आलें. त्यांचें चित्त जुन्या पोवाड्यांत रमलेलें. १८७६ सालीं ते तेथीलच इंग्रजीचे अध्यापक झाले. एकंदर देशांतही हेंच घडलें : साहित्य गादीवर बसलें व वक्तृत्व त्याच्या घरीं आश्रित झालें. भाषण शिकविणारा तो निव्वळ तालीममास्तर, अशी समजूत रूढ झाली.

हा अपमान असह्य होऊन १९१४ च्या नोव्हेंबरांत शिकागो येथें सतरा शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या परिषदेंतून बाहेर पडले व त्यांनीं स्वतंत्र संस्था काढली. दुसऱ्याच वर्षीं त्यांचें त्रैमासिक निघालें. पण घर वेगळें झालें तरी प्रतिष्ठा कोठून आणावयाची? कॉर्नेलचे वायनन्स म्हणाले, संशोधन करा. इतर शास्त्रें ज्या मार्गानें मोठीं झालीं तोच आपला मार्ग. इलिनॉयचे वूल्बर्ट याच मताचे होते. त्यांस विरोध केला तो साउथ डाकोटांतील एका लहान कॉलेजांतील तरुण शिक्षक एव्हरेट हंट यांनीं. भाषणाचा विषय म्हणजे सारें मानवी जीवन. त्याचे तुकडे करून प्रयोगशाळेंत नेले तर हातीं काय उरणार, असा त्यांचा रोख होता. आम्हांस हंट यांचा पक्ष अधिक सरस वाटतो. पण केवळ त्या पक्षावर पदव्या निघाल्या नसत्या, हेंही खरेंच.

दैवगति अशी कीं, १९१८ सालीं तेच हंट कॉर्नेलला आले आणि १९२० पासून ड्रमंड यांच्यासह त्यांनीं जो वर्ग चालविला, त्यांतूनच या विषयाच्या पांडित्याची परंपरा निघाली! तेथें आरिस्टॉटल, सिसेरो व क्विंटिलियन मुळापासून वाचीत. १९२५ सालीं त्याच विद्यापीठांतील विकेल्न्स यांनीं भाषणाच्या समीक्षेस स्वतःचा पाया दिला. काव्य टिकाऊ सौंदर्यानें पाहावें. भाषण मात्र त्या श्रोत्यांवर, त्या प्रसंगीं काय परिणाम झाला यानें पाहावें, हा तो भेद. विद्यार्थ्यास प्रबंधाचा विषय मिळाला तो येथें.

शास्त्रपक्षही स्वस्थ नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठानें १९२२ सालीं या विषयांतील पहिली पीएच्. डी. दिली, ती सेरा स्टिंचफील्ड या बाईंस. आणि त्यांचें कार्यक्षेत्र आरिस्टॉटल नसून वाणीदोष होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आयोवा येथें व नंतर इलिनॉय येथें विल्बर श्रॅम यांनीं वृत्तपत्रें, आकाशवाणी व लोकमत यांच्या अभ्यासास 'संज्ञापन' या नांवाखालीं डॉक्टरेटचें स्थान मिळवून दिलें.

हा नवा पाहुणा हळूहळू घरधनी झाला. सतरा जणांच्या संस्थेनें १९७० सालीं आपल्या नांवांत 'भाषणा'शेजारीं 'संज्ञापन' घेतलें आणि १९९७ सालीं 'भाषण' हा शब्दच गाळला. तथापि आजही या शाखेंतील कित्येक उमेदवारांची फी माफ होते ती एका अटीवर : त्यांनीं पहिल्या वर्षाच्या मुलांस चारचौघांत उभें राहून बोलावयास शिकवावें. तालीममास्तराचें तेंच जुनें काम आतां पंडित होऊं पाहणाऱ्यांच्या माथीं आहे.