गाडी-ट्रॅक्टरचा पार्ट ओरिजिनल की डुप्लिकेट? पैसे देण्याआधी हे पाहून घ्या

अमरावती/अकोला : चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरणारी दुचाकी असो की कापूस भरून जिनिंगवर निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली, जीव ब्रेकवर असतो. तरी ब्रेक शू घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ शे-दोनशे रुपये वाचतात म्हणून बरेच जण लोकल घेतात. फरक फक्त भावाचा नसतो.

गाडी कंपनीची असली तरी तिचे बरेचसे पार्ट कंपनी स्वतः बनवत नाही. चाकण, वाळूज किंवा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत माल पुरवठादारांकडून येतो. त्या पुरवठादारांचा कच्चा माल आणखी दुसरीकडून येतो. ही साखळी नीट राहावी म्हणून आयएटीएफ १६९४९ हे जगभर चालणारं मानक २०१६ मध्ये आलं. त्यात पुरवठादाराला आधी नमुन्याचे पार्ट मंजूर करून घ्यावे लागतात. माल सुरू झाल्यावरही मोजमाप, तपासणी आणि लॉटची नोंद ठेवावी लागते. कोणत्या लॉटचा पार्ट कोणत्या गाडीत बसला, हे मागे जाऊन शोधता आलं पाहिजे.

ही नोंद किती कामाची, ते टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगनं दाखवलं. अपघातात एअरबॅग उघडताना आतला धातूचा भाग फुटून तुकडे उडत आणि त्यात लोक दगावले. जगभरातल्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही. टकाटानं २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नोंदी होत्या म्हणून कोणत्या गाड्या बोलवायच्या ते तरी कळलं.

डुप्लिकेट पार्ट लगेच तुटतोच असं नाही, कधी सहा महिने चालतोही. पण तुटला तर विचारायचं कोणाला? त्यावर ना खरं नाव, ना लॉट. मात्र दुसऱ्या एखाद्या कंपनीनं स्वतःच्या नावानं, पत्त्यासह विकलेला पार्ट डुप्लिकेट नव्हे. त्याला जबाबदार माणूस असतो. दुसऱ्याच्या नावाचं खोकं छापून विकणं हा गुन्हा आहे. ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षांची कैद आहे.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर असावाच लागतो. छपाई फिकी, स्पेलिंग चुकलेलं किंवा सील आधीच उघडलेलं असेल तर माल परत करा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकलेला टायर किती जुना, ते तिथंच कळतं. दुचाकीच्या हेल्मेटवर १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की तो खरा की खोटा हे मोबाईलवरच दिसतं.

मेकॅनिकच पार्ट आणत असेल तर जुना पार्ट आणि नव्याचं खोकं, दोन्ही मागून घ्या. लाजायचं काम नाही, पैसे तुमचे आहेत. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट क्रमांक लिहायला लावा. बिल नसलं तर कारखान्यातली सगळी नोंद असूनही साखळी तालुक्याच्या दुकानात तुटते. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. नुकसान झालं असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

बॅटरी बदलताना जुनी बॅटरी कबाड्याला देऊ नका. ती उघड्यावर फोडून शिसं वितळवलं जातं आणि तो धूर-राख लेकरांच्या अंगात जाते. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करा आणि तिची किंमत बिलात वजा करून घ्या.