बांध, वाटणी आणि हार्डडिस्क

मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासात छापखाने, नियतकालिके आणि ग्रंथालये यांची दखल घेतली जाते. ज्या हार्डडिस्कवर गेल्या काही दशकांचे लेखन साठले, तिच्या अंतर्गत रचनेचा विचार मात्र सहसा होत नाही. कोल्हापूर परिसरातील आमच्या पिढीच्या अध्यापकांनी घरी संगणक घेतले तेव्हा त्यांत सी, डी, ई असे कप्पे विक्रेत्यानेच पाडून दिलेले असत. पुढे सी भरून जाई आणि डी रिकामा राही. ही हद्द सरकवताना प्रबंधाची प्रकरणे व लेखांची टिपणे पणाला लागत. म्हणूनच या तांत्रिक बाबीचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते.

हे कप्पे आले ते मर्यादेतून. १९८३ साली आयबीएमचा पीसी-एक्सटी दहा मेगाबाइटची हार्डडिस्क घेऊन आला आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत पार्टिशन पाडण्याची सोय झाली. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये अवघ्या ६४ बाइटांचे एक कोष्टक असे आणि त्यात चारच नोंदी मावत. त्या काळातील डॉसला ३२ मेगाबाइटपेक्षा मोठे पार्टिशन हाताळता येत नसे. पुढे ही मर्यादा दोन गिगाबाइटवर गेली. मोठी डिस्क घेणाऱ्याला तिची वाटणी करणे भागच होते. १९९६ मध्ये फॅट-३२ आल्यावर ही सक्ती संपली, पण रीत टिकली. तिचा एक खरा फायदाही होता : विंडोज बिघडून सी पुसावा लागला, तरी डीमधील लेखन वाचत असे.

वाटणी एकदा झाली की हद्द बदलणे अवघड, हे आपल्याकडे शेतजमिनीच्या अनुभवाने सर्वांना ठाऊक आहे. सातबाऱ्यावरील नोंद वेगळी आणि रानातला बांध वेगळा. डॉसमधील एफडिस्क ही आज्ञावली जुनी नोंद पुसून नवी करी. आतले पीक राखून बांध हलवणे तिला जमत नसे. ते काम १९९० च्या दशकात लिनक्सबरोबर येणाऱ्या फिप्सने व पॉवरक्वेस्टच्या पार्टिशनमॅजिकने आवाक्यात आणले. पार्टिशन लहान करायचे, तर त्याच्या शेवटाकडे विखुरलेले फाइलींचे तुकडे आधी पुढच्या मोकळ्या जागेत आणायचे, कोष्टकातील त्यांचे पत्ते दुरुस्त करायचे आणि मगच फेरफार नोंदवायचा. मुंबई प्रांताने जमिनीसाठी तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ मध्ये केला. डिस्कवरील डीफ्रॅगमेंटेशन ही त्याच जातीची खटपट होय. सी वाढवणे याहून कठीण. त्यासाठी शेजारच्या डीची सुरुवातच पुढे न्यावी लागते, म्हणजे डीमधील सारा मजकूर उचलून पुढे मांडावा लागतो. या कामाला काही तास लागत.

ते काही तास महाराष्ट्रात जोखमीचे होते. २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. मजकूर अर्धा हलवला असता वीज गेली, तर जुनी नोंद खरी राहत नसे आणि नवी पुरी झालेली नसे. त्यामुळे आधी सगळे सीडीवर उतरवावे, मगच हद्दीला हात लावावा, असा शहाणपणाचा नियम रूढ झाला. २००४ मध्ये जीपार्टेड हे मोफत साधन आले आणि २००७ च्या विंडोज व्हिस्टात तर ही सोय प्रणालीतच मिळाली. तरी व्हिस्टातील सोय पार्टिशन शेवटाच्याच बाजूने कमी-जास्त करी. डीची सुरुवात सरकवणे तिच्या कक्षेबाहेरच होते.

मराठीपुरता मात्र आणखी एक बांध होता. विंडोज ९८ ला युनिकोड देवनागरी येत नसे. विंडोज २००० पासून ती आली. एक्सपीत तिच्यासाठी सीडीवरून वेगळ्या फाइली घालाव्या लागत. छापखान्याला मजकूर हवा असे तो जुन्या फॉन्टमध्ये, तर ईमेलला सोयीचे युनिकोड. परिणामी एकाच डिस्कवर एका कप्प्यात जुनी प्रणाली आणि दुसऱ्यात नवी, असा दुहेरी संसार अनेकांनी मांडला. फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात सुखरूप जाई, पण तो फॉन्ट तिथे नसला तर उघडल्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग दिसे. प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी स्वतंत्र असल्याने एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नसे.

आज डिस्क मोठ्या झाल्या आहेत आणि कप्प्यांची चिंता सरली आहे. त्या काळातील लेखन मात्र अजून कपाटांतल्या जुन्या डिस्कांवर व सीडींवर पडून आहे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागद वाचायला मोडीचा जाणकार लागतो. या फाइली वाचायला फॉन्टचे नाव लागेल. पाठचिकित्सेत आपण प्रतीचा काळ, लेखनिक आणि लिपी नोंदवतो. तशीच प्रत्येक फाइलीची प्रणाली, फॉन्ट आणि वर्ष यांची नोंद करून तिची युनिकोड प्रत काढून ठेवणे, हे मराठी विभागांनी हाती घेण्याजोगे काम आहे. ज्यांनी त्या फाइली टंकित केल्या, त्यांना फॉन्टचे नाव आठवते तोवरच ते सुकर आहे.