काशीत इतिहासाची पदवी

काशीत इतिहासाची साधने आधी साचली; इतिहास हा पदवीचा विषय बराच नंतर आला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि दूधविनायक हा शहराच्या पक्क्या महालातला मराठी पट्टा. सोळाव्या शतकापासून दक्षिणी पंडित काशीत येऊन स्थायिक होऊ लागले. पुढे अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर (कायगावकर) यांनी घाट बांधले, ब्राह्मणांच्या राहण्याची सोय केली आणि ही वस्ती दाट झाली.

या पंडितांत पैठणहून आलेल्या रामेश्वरभट्टांचे घराणे सर्वांत नावाजलेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट. पुढच्या पिढ्यांत १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ लिहिणारे कमलाकरभट्ट झाले आणि १६७४ साली रायगडावर शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ या नावाने घराण्याचा वृत्तान्त संस्कृतात लिहून ठेवला. महाराष्ट्रातले जातींचे आणि वृत्तींचे तंटे निवाड्यासाठी काशीच्या पंडितांपर्यंत येत. विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरे, निर्णयपत्र तयार होई आणि त्याखाली पंडितांच्या सह्या पडत. १६५७ चे असे एक निर्णयपत्र अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

एवढे असूनही इथल्या पाठशाळांत व्याकरण, न्याय, मीमांसा, धर्मशास्त्र, ज्योतिष यांचे जे स्थान होते ते इतिहासाला नव्हते. जुना कागद हक्क सिद्ध करण्यापुरता पेटीबाहेर निघे. १७९१ मध्ये इंग्रज रेसिडेंट जोनाथन डंकन याच्या पुढाकाराने संस्कृत कॉलेज निघाले, तेव्हाही भर शास्त्रांवरच राहिला. एकोणिसाव्या शतकात याच कॉलेजात मराठी पंडित बापूदेव शास्त्री यांनी नाव कमावले ते गणित आणि ज्योतिषात.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८६२ मध्ये रानडे-भांडारकरांची पहिली तुकडी पदवीधर झाली. काशीला स्वतःच्या विद्यापीठासाठी आणखी अर्धशतक थांबावे लागले. इथले क्वीन्स कॉलेज आधी कलकत्त्याच्या आणि १८८७ नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाशी जोडलेले होते. अॅनी बेझंट यांनी १८९८ साली काढलेले सेंट्रल हिंदू कॉलेज मालवीयजींच्या हिंदू विश्वविद्यालयाचा पाया ठरले. विश्वविद्यालयाचा कायदा १९१५ चा, कोनशिला ४ फेब्रुवारी १९१६ ची.

इतिहासाच्या बाबतीत या विद्यापीठाची सुरुवात भक्कम झाली. १९१७ ते १९१९ या काळात यदुनाथ सरकार तिथे इतिहासाचे प्राध्यापक होते. मराठी अभ्यासकांनी ज्याच्याशी पुढे अनेक वर्षे वाद घातला, ते त्यांचे इंग्रजी शिवचरित्र १९१९ सालचेच. मोहेंजोदडोच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले ते राखालदास बॅनर्जी १९२८ मध्ये प्राचीन भारतीय इतिहासाच्या मणींद्रचंद्र नंदी अध्यासनावर आले आणि १९३० मध्ये वारले. त्यांच्यानंतर हे अध्यासन कोल्हापूरकडच्या म्हाकवे गावच्या अनंत सदाशिव आळतेकरांकडे आले.

आळतेकर जवळजवळ वीस वर्षे काशीत होते. राष्ट्रकूट, प्राचीन भारतातील शिक्षण, स्त्रियांचे स्थान आणि राज्यसंस्था हे त्यांच्या ग्रंथांचे विषय. १९३७ साली त्यांनी बनारसचा इतिहासही लिहिला. स्मृतिग्रंथ, ताम्रपट आणि नाणी एकमेकांशी ताडून पाहायची, ही त्यांची शिस्त. त्यांच्या पुस्तकांतली प्राचीन काळाबद्दलची आपुलकी आज कुठे कुठे जास्त वाटते. पुराव्याची चोख मांडणी मात्र अजूनही विद्यार्थ्याने पाहावी अशी आहे. याच काळात, १९४० मध्ये, शहराच्या उत्तर टोकाला राजघाटावर रेल्वेच्या कामात जुन्या वस्तीचे अवशेष निघाले. पुढे १९५७ पासून विद्यापीठाने ए. के. नारायण यांच्या नेतृत्वाखाली तिथे पद्धतशीर उत्खनन केले.

या अध्यासनातून वाढलेला प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आज कला संकायात आहे. इतिहास विभाग सामाजिक विज्ञान संकायात. बी.ए.च्या विद्यार्थ्यापुढे म्हणून इतिहासाची दोन दारे असतात. पहिल्यात अभिलेख, नाणी, मूर्तिकला आणि उत्खनन, साधारण बाराव्या शतकापर्यंत. दुसऱ्यात सुलतानशाही, मुघल, कंपनी सरकार, स्वातंत्र्यलढा आणि युरोप. २०२२ पासून प्रवेश सीयूईटी या देशव्यापी परीक्षेतून होतो आणि नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची वाट खुली केली आहे. शहरात इतर पर्यायही आहेत: असहकाराच्या लाटेत १० फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले काशी विद्यापीठ, आणि जुन्या संस्कृत कॉलेजातून १९५८ साली उभे राहिलेले, आज संपूर्णानंदांच्या नावाने चालणारे संस्कृत विश्वविद्यालय. तिथे बी.ए.च्या तोडीची पदवी ‘शास्त्री’ आणि विषय पुराणेतिहास.

दोन विभागांमुळे पुरातत्त्वाला जे बळ मिळाले ते मोठेच आहे. पण या वाटणीत दूधविनायकासारख्या मोहल्ल्याचा इतिहास बेचक्यात सापडतो. सोळाव्या ते अठराव्या शतकातली ही वस्ती प्राचीन विभागाच्या कालमर्यादेबाहेर पडते. इतिहास विभागात तो काळ येतो, पण त्याची नेहमीची साधने फार्सी आणि इंग्रजी; इथले कागद मात्र संस्कृतात आणि मोडीत. ‘गाधिवंशानुचरिता’चा इतिहासासाठी मोठा उपयोग केला तो कलकत्त्याच्या हरप्रसाद शास्त्रींनी, १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त काशीच्या दक्षिणी पंडितांवर लिहिताना. हिंदू विश्वविद्यालयात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे आणि संस्कृताची तर तिथे कधीच वाण नव्हती. या दोहोंची इतिहासाशी सांगड घालणारा एखादा पदवी अभ्यासक्रम आखला, तर त्याला लागणारी साधने विद्यापीठापासून काही किलोमीटरवरच आहेत.